खतौनी आणि मुहूर्त

काशीतील घाटांच्या पायऱ्या कोणी बांधल्या, याची नोंद बहुधा दगडावर सापडते. काशीभोवतालच्या शेतजमिनीचा धनी कोण, याची नोंद मात्र कागदात शोधावी लागते. या कागदांचा इतिहास एका माणसाशी जोडलेला आहे. जोनाथन डंकन हा १७८७ ते १७९५ या काळात बनारसचा रेसिडेंट होता. त्याने १७९१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा स्थापन केली. शास्त्रांचे अध्ययन टिकावे आणि इंग्रज न्यायाधीशांना हिंदू धर्मशास्त्राचा अर्थ सांगणारे पंडित मिळावेत, असा तिचा हेतू होता. त्याच डंकनच्या खटपटीतून १७९५ मध्ये बनारस प्रांतात कायमधारा पद्धत आली. जमिनीचा हक्क आणि तो उलगडून सांगणारी विद्या, दोन्हींची नवी घडी या शहरात चार वर्षांच्या अंतराने एकाच हाताने बसवली. पुढे डंकन मुंबईचा गव्हर्नर होऊन निघून गेला. पाठशाळेचे कालांतराने विद्यापीठ झाले.

कायमधाऱ्यातील ‘कायम’ हा शब्द मोठा मोहक होता. सारा एकदाच ठरला, तो कधी वाढणार नाही. तो वेळेवर भरणारा जमीनदार पिढ्यान्‌पिढ्या धनी राहील, असे अभिवचन त्यात होते. मात्र हप्ता चुकला की जमीन लिलावात जाई. म्हणजे या सरंजामी मालकीचा पायाही तारखेवरच उभा होता. हे ‘कायम’ १५७ वर्षे टिकले. १ जुलै १९५२ रोजी उत्तर प्रदेशातील जमीनदाऱ्या राज्याकडे गेल्या. जमीनदाराच्या हाती त्याची सीर आणि खुदकाश्त, म्हणजे स्वतःच्या कसणुकीची जमीन, भूमिधर या नात्याने उरली. वार्षिक खंडाच्या दहापट रक्कम सरकारात भरणारे कूळही भूमिधर झाले. जमीन विकता यावी, वारसाला देता यावी, हे या हक्काचे मर्म होते. फक्त वारस कोण, या प्रश्नाचे उत्तर जुन्याच वळणाचे राहिले. मुलगे असताना मुलीचे नाव खतौनीत चढत नसे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेही शेतजमिनीच्या धारणेचे असे कायदे बाजूला ठेवले होते.

मराठी माणसाला यात एक विपरीत गोष्ट दिसावी. पैठणहून काशीत येऊन स्थिरावलेल्या भट्ट घराण्यात सतराव्या शतकात नीलकंठ भट्ट झाले. त्यांनी काशीत बसून लिहिलेला ‘व्यवहारमयूख’ पुढे मुंबई आणि गुजरातेत न्यायालयांना प्रमाण झाला. त्याच्या आधारे तेथे बहिणीला वारसांच्या रांगेत आजीनंतरचे स्थान मिळाले. खुद्द काशीत दुसरे ग्रंथ प्रमाण होते. तेथे बहिणीची वारस म्हणून दखल घेतली जाण्यास १९२९ चा कायदा यावा लागला. ज्या गल्ल्यांत तो ग्रंथ लिहिला गेला, तेथील बहिणींना त्याचा आधार फारसा मिळाला नाही. नीलकंठांचे चुलतबंधू कमलाकर भट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ सिद्ध केला. कोणते कृत्य कोणत्या तिथीला करावे, याचा तो महाग्रंथ. एकाच घरात एकाने वाटा सांगितला, दुसऱ्याने वेळ सांगितली.

ब्रह्माघाटाकडच्या गल्लीत राहणाऱ्या एका मराठी घरातील मुलीपुढे या दोन गोष्टी एकाच हिवाळ्यात येऊन उभ्या राहिल्या. घरात मराठी, दारात भोजपुरी, शाळेत हिंदी, अशा तीन भाषांत ती वाढली. शहराबाहेर घराण्याची काही बिघे जमीन होती. पणजोबांची खुदकाश्त १९५२ मध्ये भूमिधरी झाली होती. बी.ए.चे शेवटचे वर्ष सुरू होते आणि तिला काशी हिंदू विद्यापीठात तीन वर्षांच्या विधी-अभ्यासक्रमाला जायचे होते. त्याच सुमारास इंदूरहून स्थळ आले.

वडिलांचे म्हणणे कठोर नव्हते. “पदवी होऊ दे, लग्न होऊ दे, वकिलीचं मग पाहू. ती मंडळीही शिकू देतील,” असे ते म्हणाले. आत्या तेवढी म्हणाली, “मगचं कोणी पाहिलंय?” आजोबा गेले तेव्हा वरासतीत वडील आणि काका यांची नावे लागली होती. आत्याला कोणी विचारले नव्हते, आणि तिनेही विचारले नव्हते.

मुलीने प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी आणलेल्या पुस्तकांबरोबर राज्याची महसूल संहिता चाळली. २०१६ मध्ये अमलात आलेल्या त्या संहितेतील कलम १०८ ने विधवा आणि मुलगे यांच्या बरोबरीने अविवाहित मुलीला पहिल्या रांगेत बसवले होते. विवाहित मुलगी मात्र मागच्या रांगेत होती. पुढे एक पाऊल पडले होते आणि ते उंबरठ्यापाशी थबकले होते. महाराष्ट्रातही असे घडून गेले होते. २२ जून १९९४ पासून तेथे मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. ती रेघ २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने पुसली. मुलीला जमिनीचा लोभ नव्हता. तिला खुपले ते एवढेच, की भावाचा हक्क त्याच्या लग्नाने कमी होत नव्हता. त्याच्या लग्नाची तारीख विचारण्याचे कायद्याला कारणच पडत नव्हते.

अर्जाचेही गणित तारखेचेच होते. २०२२ पासून या अभ्यासक्रमाचा प्रवेश देशभरच्या सामायिक परीक्षेतून होऊ लागला. ती परीक्षा पहिल्या वर्षी सप्टेंबरात झाली. २०२४ आणि २०२५ मध्ये मार्चात झाली. त्यामुळे पदवीचा निकाल हाती येण्याआधी, ऐन थंडीत अर्ज करणे भाग पडू लागले. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत काशीत खरमास असतो. लग्ने लागत नाहीत, बोलणीही मंदावतात. मुहूर्तांच्या शास्त्राने दिलेली ती पोकळी तिने ओळखली. निकाल लागेपर्यंत थांबणे दिसायला शहाणपणाचे होते; पण निकालानंतर लगीनसराई होती आणि अर्जाची मुदत केव्हाच सरलेली असती. वरपक्षाच्या शब्दावर सोडलेले शिक्षण ही मेहेरबानी ठरली असती. लग्नाआधी नाव नोंदवून घेतलेले शिक्षण हा हक्क होता.

संक्रांतीच्या आधी तिने अर्ज भरला आणि वडिलांना सांगितले, “बाबा, स्थळ गेलं तर दुसरं येईल. तारीख गेली तर वर्ष जाईल.”

वडील त्या दिवशी काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी कपाटातून खतौनीची जुनी नक्कल काढली आणि तिच्यापुढे ठेवली. “दाखिल-खारिजचं एक काम अडलंय. वाचून सांग, काय लिहिलंय ते.” तिने मोठ्याने वाचले. पणजोबा, आजोबा, वडील, काका. नावे तेथे संपली. आत्या पोळ्या लाटता लाटता थांबली आणि तिने ती पुन्हा एकदा वाचायला सांगितली.