कडा करपा, टीबी आणि सहावीची पोरं

या वेळची नोंद भातापासून सुरू होते, पण जाते दुसरीकडे. बागायतदारांनी जरा शेवटपर्यंत वाचा, तुमच्याशीही बोलायचं आहे.

आमच्याकडे हेदवीला रत्नागिरी ८ सध्या निसवतंय. वरच्या मळीत भात चांगलं आहे. खालच्या दोन सखल कुणग्यांत मात्र पानांच्या कडा शेंड्याकडून पिवळ्या पडून वाळायला लागल्यात. कडा करपा. पाणी साचून राहतं तिथे तो दरवर्षी थोडाफार डोकं काढतोच. पाणी बाहेर काढून दिलंय, युरियाचा शेवटचा हप्ता त्या कुणग्यांना दिलेला नाही. बाकी काही मारणार नाही. का ते पुढे सांगतो.

शनिवारी ‘आनंददायी शनिवार’ म्हणून जवळच्या एका शाळेतली सहावी-सातवीची पंधरा-सोळा पोरं बाईंबरोबर शेतात आली. त्यांना करपा दाखवायचा म्हणून मी एक रोगट पान कापलं आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन कापलेली कड त्यात धरली. कृषीवाल्या मंडळींना हे ठाऊक आहे, पण ज्यांनी केलं नसेल त्यांनी एकदा करून बघा. थोड्या वेळात त्या कडेतून दुधासारखा पांढरट धागा पाण्यात उतरायला लागतो. तो जिवाणूंचा. लाखो-करोडो असतात त्यात. एकेकटा डोळ्यांना दिसत नाही, पण लोंढा दिसतो.

पोरं गप्प झाली. मग एकाने विचारलं, "काका, टीबीचे जंतू असेच असतात का हो?"

आदल्याच आठवड्यात शाळेत आशाताई येऊन टीबीची माहिती सांगून गेल्या होत्या, त्यामुळे हे निघालं. मी म्हटलं, हे जंतू भाताचे, माणसाला काही करत नाहीत. पण टीबीचाही जंतूच. २४ मार्च १८८२ ला जर्मनीत रॉबर्ट कॉख नावाच्या डॉक्टरने तो सापडल्याचं जाहीर केलं, म्हणून २४ मार्चला टीबी दिन. तोवर लोक शाप म्हणत, पिढीजात म्हणत. "आमची आजी अजून म्हणते," एक पोरगी बोलली.

मग मीच विचारायला लागलो. पोरांना बरंच येत होतं. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, थुंकीची तपासणी, सरकारी दवाखान्यात औषध फुकट, सगळं धडाधड. ‘टीबी हरेल, देश जिंकेल’ तर एका सुरात. पण "घरात कुणाला झाला तर काय करायचं?" म्हटल्यावर जे आलं ते आशाताईंचं नव्हतं, घरातलं होतं. ताट वेगळं करायचं. कपडे वेगळे धुवायचे. त्याच्या पोरांबरोबर खेळायचं नाय.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. मी मघाशीच एक तवसं कापून फोडी ताटात घातल्या होत्या आणि जवळ बसलेल्या मुलीला म्हटलं होतं, वाट गो सगळ्यांना. तिच्या हातून चौघापाचजणांनी फोड घेतली नाही. बाईंनी हळूच सांगितलं, तिच्या बाबांना टीबीचं औषध चालू आहे. (हे त्यांना विचारून लिहितोय. नाव, वाडी, शाळा काही देत नाही, कमेंटमध्येही कुणी विचारू नका.)

मी तिच्याकडे न बघता सगळ्यांना म्हटलं, टीबी ताटातून, कपड्यांतून, हात लावल्याने होत नाही. तो हवेतून येतो. फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो, तेव्हा बारीक कण उडतात आणि बंद खोलीत रेंगाळतात. म्हणून खोकताना तोंडावर रुमाल आणि घराच्या खिडक्या उघड्या. औषध नीट लागू पडलं की काही आठवड्यांत त्याच्यापासून दुसऱ्याला व्हायचा धोका खूप घटतो. मद्रासमध्ये तर १९५९ सालीच दाखवून दिलं होतं की रुग्ण घरी राहून औषध घेतो तेव्हा तो सॅनेटोरियमइतकाच बरा होतो आणि घरच्यांना जास्त धोका होत नाही. ताट वेगळं करून काय मिळतं मग?

तेवढ्यात ती मुलगी स्वतःच बोलली. "माझे बाबा रोज सकाळी गोळ्या घेतात. वजनाप्रमाणे असतात. मी देते मोजून. पहिल्यांदा लघवी लाल झाली तर आई घाबरली, पण ती गोळीनेच होते." पोरं फिदीफिदी हसली. तीही हसली. मग तिला प्रश्नच सुरू झाले, किती महिने, कडू असतात का, उलटी होते का. सहा महिने, ती म्हणाली, मधे सोडायच्या नाहीत. त्या घोळक्यात टीबीबद्दल सगळ्यांत जास्त तिलाच ठाऊक होतं.

"बरं वाटलं तरी का सोडायच्या नाहीत?" हा एका पोराचा प्रश्न मला आवडला, कारण याचं उत्तर आपल्या धंद्यात आहे. शेडच्या फळीवर आमच्या बाबांच्या वेळचं एक रिकामं पाकीट खोचलेलं आहे, स्ट्रेप्टोसायक्लिनचं, सहा ग्रॅमचं. ते आणून दाखवलं. करप्यावर लोक हेच मारत आले. आत स्ट्रेप्टोमायसीन आणि थोडं टेट्रासायक्लिन. एक पोरगा वाचून म्हणाला, "आमच्या आजोबांना हेच इंजेक्शन होतं, गिरणीत होते तेव्हा." बरोबर आहे त्याचं. टीबीवर चाललेलं पहिलं औषध हेच, १९४३ साली अमेरिकेत रटगर्सच्या कृषी महाविद्यालयात शेतातल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. परळ-लालबागच्या गिरण्यांतून खोकत परत आलेली माणसं आपल्या प्रत्येक वाडीत होऊन गेली, त्यांतली काही याच औषधाने वाचली.

तेच औषध आपण पंपात घालून शेतावर उडवत होतो. त्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतला त्याचा वापर बंद करण्याचा मसुदा काढला. म्हणून मी मारत नाही. माणसाच्या औषधाची धार आपल्या कुणग्यात घालवायची नाही.

पोरांना हे तुडतुड्यावरून कळलं. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडा येतो, एकच औषध पुन्हा पुन्हा, तेही कमी मात्रेने मारलं तर काय होतं? "हुशार तुडतुडे उरतात," सातवीतला एकजण म्हणाला. हुशार होत नाहीत रे, मी म्हटलं, जे आधीच टणक होते तेवढे उरतात आणि त्यांचीच पैदास होते. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की फुफ्फुसात तसंच. मग साधी औषधं चालत नाहीत.

जंतू शिरला म्हणजे आजार झालाच असं नाही, हे त्यांना नवीन होतं. बांधावर तणाचं बी वर्षानुवर्षं पडून असतं, जमीन सापडली की उगवतं. जंतू अंगात असलेल्या शंभरातल्या पाच-दहाजणांनाच जन्मभरात कधीतरी आजार होतो. अंगात ताकद कमी असली, मधुमेह असला की जास्त. म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि डॉक्टर देतील ते प्रतिबंधक औषध. त्या मुलीच्या घरी ते झालंय.

आता बागायतदारांनो, तुमच्याकडे. या मुलीच्या बाबांना टीबी कळल्यावर बेणणीच्या कामावरून ‘येऊ नको’ सांगितलं गेलं. कुणी, ते लिहित नाही. उघड्या बागेत गवत कापणाऱ्या, औषध चालू असलेल्या माणसापासून कसली भीती? डॉक्टरने काम करायला हरकत नाही म्हटलं की विषय संपला. खरी काळजी घ्यायची तर बागेतल्या गड्यांच्या खोलीची घ्या. राखणीला येणारे नेपाळी गडी एका पत्र्याच्या खोलीत सहा-सहा, आठ-आठ झोपतात, डासांना भिऊन एकुलती खिडकी बंद. जाळी बसवा आणि खिडकी उघडी ठेवा, खर्च आंब्याच्या दोन पेट्यांचाही नाही. कुणी खोकत असेल तर त्याला हंगाम संपायची वाट बघायला लावू नका. आणि गोठेवाल्यांनो, जनावरांनाही टीबी असतो, तो कच्च्या दुधातून येऊ शकतो. दूध उकळूनच.

दुसरं खाण्याचं. झारखंडमध्ये टीबीरुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, फुफ्फुसाचा संसर्गजन्य तर ४८ टक्क्यांनी. २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलंय. तांदूळ आणि डाळ, मंडळी! हे तर आपण पिकवतो. सरकार रुग्णाला नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये देतं, आधी ५०० होते. ते खात्यात येईपर्यंत घरात कुळीथ, चवळी, पावटा, अंडी असायला हवीत. निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवून आपण रीतसर देऊ शकतो. मी पाच किलो कुळीथ दिलेत. भात निघालं की तांदूळ देईन. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा फुकट नंबर आहे.

निघताना पोरांनी उरलेलं तवसं मागितलं. कापलं, तिनेच वाटलं. दोघांनी तरीही घेतलं नाही. बाई म्हणाल्या, त्यांच्या घरी जाऊन बोलते.

तिच्या बाबांचे पहिले दोन महिने या महिनाअखेरीस संपतात, तेव्हा थुंकी पुन्हा तपासायची आहे. करप्याचे दोन कुणगे किती सावरले, ते पुढच्या नोंदीत फोटोसह टाकतो.