नऊ नंबरचा गडी

फुटबॉलमध्ये सारे चेंडूकडे पाहतात. मी रिकाम्या जागेकडे पाहतो. ही खोड लागली एका जुन्या सामन्याची फिल्म पाहून. २५ नोव्हेंबर १९५३, वेम्बली. हंगेरीच्या हिदेगकुटीच्या पाठीवर आघाडीच्या मधल्या गड्याचा ९ नंबर. पण स्वारी खेळत होती मागे, मैदानाच्या मध्यावर! इंग्लंडचा जॉन्स्टन पेचात पडला. पाठलाग करावा, तर गोलसमोर खिंडार अन् त्यात पुश्काश घुसणार. जागा राखावी, तर हिदेगकुटी मोकळा! हंगेरीने ६-३ असा सामना मारला. तीन गोल एकट्या हिदेगकुटीचे. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंडची घरच्या मैदानावर ही पहिलीच हार. जॉन्स्टन पुन्हा इंग्लंडकडून खेळला नाही. मला हळहळ वाटते ती त्याचीच. पहारा इमानाने करावा अन् चोराने त्या दाराने यायचेच नाकारावे, तर पहारेकऱ्याने करावे तरी काय?