भाताला जीभ असते!

मुलांनो, भाताच्या रोपाला जीभ असते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? मला नव्हते. डी.एड. झालेली, दहा वर्षे शिकवणारी मी बाई! मला ते चौथीतल्या एका मुलीने शिकवले.

आमचे कोळगाव पालघर-बोईसर रस्त्यावर. जिल्ह्याची मोठी कचेरी आता इथेच आहे. पण पावसाळ्यात आजूबाजूला अजून भात डोलते. त्या दिवसांत माझ्या वर्गातली पोरे कमी होतात. आधी लावणी, मग बेणणी. बेणणी म्हणजे भातातले तण काढणे. एका वर्षी ही मुलगी सलग आठ दिवस आली नाही. मी तावातावाने तिच्या शेतावर गेले.

आई वाकून तण उपटत होती, शेजारी लेक. "बाई, मजूर मिळत नाहीत हो. तण वाढलं तर आम्ही खायचं काय? बेणणी उरकली की धाडते पोरीला," आई म्हणाली. यावर मी काय बोलणार? पदर खोचला आणि चिखलात उतरले. पहिलेच रोप उपटते तोच मुलगी ओरडली, "बाई, ते नका उपटू! ते भात आहे!"

पाखड नावाचे तण लहानपणी अगदी भातासारखे दिसते. तिने मला खूण दाखवली. पान जिथे खोडाला बिलगते, तिथे भाताला पातळ, पांढुरकी जीभ असते. पाखडाला ती नसते.

मी विचारले, "अगं, नांगरून, चिखल करून तण मेलं होतं ना? मग हे आलं कुठून?"

"खालून!" ती म्हणाली. अगदी बरोबर!

तणाचे बी मातीत वर्षानुवर्षे झोपून राहते. अमेरिकेत विल्यम बील यांनी १८७९ साली तणांचे बी वाळूत मिसळून, बाटल्यांत भरून पुरले. त्यातली एक बाटली २०२१ साली उकरली, तीही रात्री, बियांना उजेड लागू नये म्हणून. १४२ वर्षांनीसुद्धा काही बिया रुजल्या! कित्येक तणांचे बारीक बी उजेड लागला की जागे होते. म्हणजे नांगर वरचे तण गाडतो आणि खालचे बी वर आणतो.

मग आपले आजोबा-पणजोबा चुकले का? छे! आम्ही शाळेत दोन डब्यांत शेतातली माती भरली. एक नुसता ओला ठेवला, दुसऱ्यात बोटभर पाणी साठवले. पंधरा दिवसांत पहिला हिरवागार, दुसऱ्यात तुरळक कोंब. साठलेल्या पाण्याखाली हवा कमी, म्हणून बरेचसे तण रुजत नाही. भाताचे रोप मात्र आधीच वाढवून लावलेले असते. त्याला पाणी चालते. चिखलणी-लावणीमागची युक्ती ही! भातानंतर कोरड्या रानात वाल, हरभरा घेतला, की पाणथळ तणाला ते मानवत नाही.

रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे या शेतकऱ्यांनी वेगळी वाट काढली. त्यांच्या 'सगुणा भात तंत्रा'त गादीवाफे एकदाच करायचे. पुढे नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. भात कापून मुळे जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर पुढचे पीक टोकायचे. कष्ट वाचतात, मातीही उलटत नाही. पण तण आवरायला तणनाशक फवारतात, आणि ते औषध फार जपून हाताळावे लागते. फुकटात काहीच मिळत नाही!

बेणणीच्या दिवसांत मी आता संध्याकाळी तासभर जादा शिकवते. बुडालेला अभ्यास थोडा भरून निघतो, सगळा नाही. म्हणून पालकांना एक विनंती : शेतातले आणि बांधावरचेही पाखड, त्याचे बी सांडायच्या आत काढा. पुढच्या वर्षी बेणणी थोडी कमी होईल आणि लेक तेवढी लवकर शाळेत येईल.

आणि मुलांनो, तुम्ही भाताची जीभ नक्की शोधा. सापडली, की तुमच्या बाईंना किंवा गुरुजींनाही दाखवा. कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल!