वाचलेले सांगताना

वाङ्मयाच्या अध्यापनात मत देणे आणि शिफारस करणे या दोन कृती आपण सहसा एकच मानतो. वास्तविक त्या भिन्न आहेत. मत पुस्तकाविषयी असते. शिफारस मात्र ते पुस्तक आणि समोरचा विशिष्ट वाचक यांच्यात जे नाते जुळू शकेल त्याविषयी असते. ‘बलुतं’ हे मराठीतील एक महत्त्वाचे आत्मकथन आहे, हे मत झाले. त्याला फारसा कोणी विरोध करणार नाही. परंतु ते कोणी आणि कशासाठी वाचावे हे आपण सांगू लागलो, की पुस्तकाइतकेच वाचकाविषयीचे आपले गृहीतही उघडे पडते. गेल्या वर्षभरात मी जी पुस्तके वाचली, त्यांतील काही पहिल्यांदा आणि बरीचशी पुन्हा, ती बहुतेक आमच्या अहमदनगर जिल्ह्याशी, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याशी, नाते असणारी होती. ती निवड हेतुपुरस्सर होती. त्यांविषयी सांगताना ती मी कोणाला दिली आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हेही सांगावे असे वाटते.

एम. ए.च्या वर्गात दरवर्षी “मॅडम, काय वाचू?” हा प्रश्न येतो. त्याचा खरा अर्थ “परीक्षेला काय येते?” असा असतो, हे आपण सारेच जाणतो. पण क्वचित एखादा विद्यार्थी तो प्रश्न शब्दशः विचारतो. अकोले तालुक्यातून आलेल्या अशा एका विद्यार्थ्याला मी उत्तर देण्यापूर्वी त्यानेच पुढे सांगितले, “मला आजवर ज्यांनी ज्यांनी पुस्तक सुचवले, त्यांनी दलित आत्मकथनच सुचवले. माझे आडनाव ऐकले की पुस्तक ठरलेले असते.” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, निरीक्षण होते. त्या निरीक्षणाने मात्र मला बराच काळ अस्वस्थ ठेवले. ज्या पुस्तकांनी जातीने आखलेल्या हद्दी उघड केल्या, तीच पुस्तके आपण हद्दी पाहून वाटत असू, तर आपल्या वाचनव्यवहाराला काय म्हणावे?

त्यानंतर मी ‘बलुतं’ पुन्हा वाचले. १९७८ साली ‘ग्रंथाली’ने प्रसिद्ध केलेले हे पुस्तक, आणि दया पवारांचे धामणगाव अकोले तालुक्यातले. म्हणजे माझा विद्यार्थी आणि लेखक एकाच मातीतले. शिफारस करणाऱ्यांना यापेक्षा सोयीचे काय असणार! परंतु या वाचनात माझे लक्ष आशयापेक्षा रचनेवर खिळले. या पुस्तकात दगडू सांगतो आणि दया ऐकतो. ऐकणारा शिकलेला, शहरात स्थिरावलेला, काहीसा अवघडलेला आहे. म्हणजे ‘बलुतं’चा पहिला वाचक पुस्तकाच्या आतच बसलेला आहे, आणि ज्याला हे सारे ऐकणे जड जाते असा तो वाचक आहे. ही गोष्ट गंभीरपणे घेतली, तर हे पुस्तक सर्वप्रथम सुचवले पाहिजे ते ज्यांना ऐकणे जड जाईल त्यांना. मी आता ते गावकुसाच्या आतल्या घरांतून आलेल्या मुलामुलींना देते. एक अट घालते : ‘वेदना’, ‘विद्रोह’ आणि ‘नकार’ हे तीन शब्द न वापरता पुस्तकाविषयी बोलायचे. या अटीमुळे पहिले दहा मिनिटे वर्गात शांतता असते. मग कोणीतरी कावाखान्याविषयी बोलू लागते, कोणी आईविषयी. एक मुलगी म्हणाली, की आपल्या आजोबांच्या वाड्यापाशी कोण कुठे उभे राहत असे, हे पुस्तक वाचल्यानंतर तिने घरी विचारले. उत्तर मिळाले नाही. साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत हा अभिप्राय बसत नाही. मला तो अनेक प्रबंधांपेक्षा मोलाचा वाटला.

आणि अकोल्याच्या त्या विद्यार्थ्याला मी मौलाना आझादांचे ‘गुबारे-खातिर’ दिले, हिंदी आवृत्तीत. कारण सांगते.

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना पकडून नगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. नेहरू, आझाद, पटेल, पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, आपले शंकरराव देव आणि इतर. पुढची अडीच-पावणेतीन वर्षे तो किल्ला म्हणजे एक विलक्षण वाचकमंडळ होते. नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, ते किल्ल्यातील सहकाऱ्यांना अर्पण केले, आणि त्यांच्याशी झालेल्या चर्चांचे ऋणही नोंदवले. नरेंद्र देव ‘अभिधर्मकोशा’च्या हिंदी अनुवादात मग्न होते. आझादांनी मात्र पत्रे लिहिली. ती नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी या एकाच मित्राला उद्देशून होती, आणि ती टपालात पडणार नाहीत हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. सुटकेनंतर, १९४६ साली, त्यांचे पुस्तक झाले.

पहाटे तीन-चारला उठून स्वतः केलेला चहा, खोलीच्या छताशी घरटे बांधणाऱ्या चिमण्यांशी आधी युद्ध आणि मग मैत्री, फारसी-अरबी काव्याची सतत येणारी आठवण, शेवटी संगीत. वाचलेल्याविषयी दुसऱ्याला सांगणे म्हणजे काय, याचा इतका शुद्ध नमुना मला अन्यत्र आढळलेला नाही. समोर माणूस नाही, पत्र पोहोचणार नाही, तरीही सांगायचे ते ‘वाचकां’ना नव्हे, एका मित्राला, त्याची आवड, त्याचे वाचन गृहीत धरून. आणि मध्येच ते पत्र येते : एप्रिल १९४३, कलकत्त्यात पत्नी झुलेखा बेगम यांचे निधन. तिची प्रकृती चिंताजनक असल्याचे कळूनही त्यांनी सरकारकडे सवलत मागितली नव्हती. वर्तमानपत्र येण्याच्या वेळी आपण चेहऱ्यावर काही दिसू न देण्याचा कसा प्रयत्न करत होतो, हे ते लिहितात, आणि त्या प्रयत्नातला दिखाऊपणाही लपवत नाहीत.

तीन आठवड्यांनी पुस्तक परत आले ते प्रतिवादासह. चहाच्या प्रकरणात हा लेखक आपल्याला परका वाटला, असे विद्यार्थ्याचे म्हणणे. दूध-साखरेच्या चहाला नावे ठेवण्याची चैन तुरुंगातही सुटत नाही, याचे त्याला नवल वाटले. चिमण्यांच्या पत्रात तो जवळचा वाटला, आणि झुलेखा बेगमविषयीच्या पत्रानंतर पुस्तक दोन दिवस मिटून ठेवले. मग त्याने विचारले, “ही पत्रे नवाबाला लिहिली, म्हणून इतकी सुंदर झाली का? रोज जेवण आणून देणाऱ्या माणसाला काही सांगायचे असते, तर मौलानांची भाषा कशी झाली असती?” मी माझ्या परीने उत्तर दिले : समानधर्म्याशी बोलताना भाषा ज्या उंचीला जाते ती केवळ दरबारी नसते. त्याचे समाधान झाले नाही, आणि त्याने समाधान करून घेऊ नये असेच मला वाटले. आझादांवर आदराने लिहिलेले पुष्कळ मी वाचले आहे. हा प्रश्न त्यात मला भेटला नव्हता.

‘स्मृतिचित्रे’विषयी नव्याने काही सांगण्यासारखे उरले आहे का, असे सहकारी विचारतात. माझ्या मते उरले आहे, कारण आपण ते अजूनही रेव्हरंड टिळकांच्या चरित्राचे साधन म्हणून, नाहीतर सोशिक पत्नीची कहाणी म्हणून वाचतो. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी तो सुमारे पाच वर्षांनी, कोणाच्या हातचे पाणी प्यावे या प्रश्नाशी स्वतः झगडून, स्वतःच्या वेळी स्वीकारला. त्या मधल्या वर्षांत त्यांनी केलेला विचार कोणत्याही धर्मचर्चेच्या ग्रंथात शोभावा असा आहे. फक्त तो विनोदाच्या वेषात आहे. वडिलांचे सोवळ्याचे वेड सांगताना त्या हसवतात, पण त्या हसण्यातच निवाडा दिलेला असतो. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईंचे गद्य वाचावे असे मी विशेषतः प्रबंध लिहिणाऱ्यांना सुचवते. आपल्या वाक्यांतील ‘संदर्भात’, ‘अनुषंगाने’ आणि ‘परिप्रेक्ष्यात’ यांवर ते उत्तम औषध आहे. संक्षिप्त आवृत्तीवर मात्र कोणी भागवू नये. चौथा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर, १९३६ नंतर, मुलाने म्हणजे देवदत्त टिळकांनी पुरा केला. तो भाग आवश्यक आहे, प्रामाणिक आहे. तरी आवाज बदलल्याचे कानाला तत्काळ कळते. शांता गोखले यांचा २०१७चा इंग्रजी अनुवादही इंग्रजीच्या सहकाऱ्यांना अवश्य सांगावा.

येथे थोडे विषयांतर. आपल्या जिल्ह्यात वाचलेले दुसऱ्याला सांगण्याची परंपरा छापील पुस्तकाच्या पूर्वीची आहे. राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ रचताना नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांचा आधार घेतल्याचे स्वतःच नमूद केले. म्हणजे आपण वाचले ते कोणाकडून आले, हे श्रोत्यांना सांगण्याची सभ्यता त्या काळीही होती. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८चे. तेथून किती मते घरोघर गेली असतील, त्याची नोंद कोणत्याही देवघेव-वहीत सापडणार नाही.

शेवटी नव्या पुस्तकाविषयी. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ ही कादंबरी २०१९ साली श्रीरामपूरच्या ‘शब्दालय’ने प्रकाशित केली. मी ती गेल्या दिवाळीच्या सुटीत सलग वाचली. तिची जाडी पाहून वाचक बिचकतात, बिचकू नये. कुळाचा अभिमान बाळगून पूर्वजांच्या शोधाला निघालेल्या कोणालाही ती आधी सुखावते आणि मग हळूहळू अडचणीत आणते, कारण मागे जावे तसतसे रक्त ‘शुद्ध’ राहत नाही. काही ठिकाणी निवेदक इतिहासावर स्वतःच भाष्य करू लागतो आणि गोष्ट खोळंबते, हा माझा आक्षेप कायम आहे. कुलवृत्तांतांचे समारंभपूर्वक प्रकाशन होणाऱ्या आजच्या काळात ती मी इतिहासाच्या आमच्या एका सहकाऱ्यांना आग्रहाने दिली. त्यांनी ज्या पानांवर ‘अनावश्यक’ असे पेन्सिलीने लिहिले आहे, त्यांतल्या काही पानांवर आधी मी ‘उत्कृष्ट’ लिहिले होते. प्रत आता तिसऱ्या वाचकाकडे आहे, आणि समासात थोडी जागा अजून शिल्लक आहे.