फुलं एकाची, बाळं दुसऱ्याची

म्युनिकच्या अल्टे पिनाकोथेक संग्रहालयात एक चित्र आहे. मधोमध मरिया आणि बाळ येशू, त्यांच्याभोवती फुलांचा भरगच्च हार आणि त्या हाराला बिलगलेली गुटगुटीत देवदूत-बाळं. चारशे वर्षांपूर्वी अँटवर्पमध्ये दोन मित्रांनी ते मिळून रंगवलं. फुलं थोरल्या यान ब्रूगेलची, बाळं पीटर पॉल रूबेन्सची. त्याच संग्रहालयातल्या दुसऱ्या एका चित्रात रूबेन्सची बाळं फळांची जडशीळ माळ वाहून नेतात. ती फळं फ्रान्स स्नायडर्सची.

अशा चित्रांचा अर्थ ठरलेला असतो. फळं म्हणजे समृद्धी, फुलं म्हणजे क्षणभंगुरता, बाळ म्हणजे निष्पापपणा. पण चित्रापाशी रेंगाळलं की हा कोष्टकातला अर्थ अपुरा वाटू लागतो. बाळांच्या गालांवरची, गुडघ्यांवरची लाली ज्याने मुलं कडेवर खेळवली आहेत त्यालाच अशी साधेल. त्या वर्षांत रूबेन्सच्या घरी लहान मुलं होतीच. आणि ब्रूगेल? अँटवर्पमध्ये न मिळणारी फुलं पाहायला तो ब्रुसेल्सच्या राजबागेपर्यंत जाई. वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एका हारात आणायची तर एकेका फुलाचा हंगाम येईपर्यंत थांबणं आलंच.

आयुष्य क्षणभंगुर आहे, हे या दोघांच्या घरांना पुढे चित्राबाहेरही कळलं. १६२३मध्ये रूबेन्सची लाडकी लेक क्लारा सेरेना बाराव्या वर्षी गेली. १६२५मध्ये साथीच्या रोगाने ब्रूगेलला नेलं, त्याच्या तीन मुलांनाही नेलं. मागे राहिलेल्या मुलांचं पालकत्व रूबेन्सने घेतलं. मित्र हयात असताना त्याची इटालियन पत्रंही तोच लिहून देत असे.

हे कळल्यावर त्या हाराचा अर्थ माझ्यापुरता बदलला. कोमेजणाऱ्या फुलासाठी ऋतूभर थांबणं आणि मित्राच्या पोरक्या लेकरांना आपलं म्हणणं, ही मला एकाच वृत्तीची दोन रूपं वाटतात. जे टिकणार नाही त्याच्याकडे हताशपणे पाहत बसण्यापेक्षा ते आहे तोवर जीव लावून सांभाळावं, आणि एकट्याला पेलत नसेल तर दुसऱ्याने हात द्यावा. समृद्धी म्हणतात ती याहून वेगळी असेल, असं मला वाटत नाही.