सूर्यास्ताआधीची पंगत

मुलीच्या लग्नाची पत्रिका छापणे सोपे. अवघड असते ते पत्रिकेसोबत पाठवावयाचे सूचनापत्र. हा अनुभव मला गेल्या हिवाळ्यात आला. आमच्या घरच्या आजवरच्या कोणत्याही लग्नास असे पत्र लागले नव्हते. नांदेडच्या मोंढ्यात आमची तीन पिढ्यांची आडत. लग्न म्हटले की मंगल कार्यालय, बारा-पंधराशे पाने, आणि पाहुण्यांना सांगावयाचे ते एवढेच की कार्यालय कोणत्या रस्त्याला आहे. परंतु कन्येने आणि होणाऱ्या जावईबापूंनी माहूरजवळ, सागवानी रानाच्या कडेला, एका शेतातील तंबूंच्या मुक्कामी शनिवार-रविवार असे दोन दिवसांचे लग्न ठरविले. पाहुणे अवघे १४०. मोंढ्यातील व्यापारी, मुनीम आणि हमाल मंडळी यांना आठ दिवस आधी नांदेडलाच भोजन दिले, तेव्हा कुठे माझ्या मनाची टोचणी थोडी कमी झाली.

सूचनापत्र लिहिण्याचे काम मी स्वतःकडे घेतले. हिशेबाची वही लिहिणाऱ्या हाताला असे काम आवडते. नांदेडहून माहूर सुमारे १३० किलोमीटर. अर्धापूर, हदगाव, उमरखेड, महागाव या मार्गाने यावे, धनोड्याला पैनगंगेचा पूल ओलांडला की माहूर आले. रेल्वेने येणाऱ्यांनी किनवटला उतरावे. पुढे आपली गाडी घ्यावयास येईल. रानाकडेला फोन लागेलच असे नाही, म्हणून घरच्यांना आधी कळवून ठेवावे. जानेवारीची थंडी शहरापेक्षा बोचरी असते. शाल, कानटोपी, मोजे आणावेत. टाचेची पादत्राणे नकोत, विजेरी हवी. पैनगंगेच्या काठचे हे जंगल वन्यप्राण्यांचे घर आहे, तेव्हा अंधारात तंबूपासून दूर जाऊ नये. ज्यांना रेणुकामातेच्या गडाला, दत्तशिखराला किंवा पांडवलेण्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी रविवारी सकाळी गाडी आहे. असे लिहीत गेलो आणि चार पाने भरली.

तिसऱ्या पानावर एक ओळ होती : ‘सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था केली आहे.’ ही ओळ लिहिताना मला समाधानच वाटले होते. वरपक्षाची इच्छा गोरज मुहूर्ताची होती. त्यानंतर दिव्यांच्या माळा, शेकोटी आणि रात्रीचे जेवण असा बेत होता. त्यातही आपल्या मंडळींची सोय आठवणीने केली, असे मला वाटत होते.

पत्र छपाईला देण्यापूर्वी आईला वाचून दाखविले. तिचे वय ८२. गेली ५० वर्षे तिचा चौविहार आहे. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही. सारे ऐकून ती शांतपणे म्हणाली, “स्वतंत्र म्हणजे वेगळीच ना रे? लग्न लागायच्या आधी चार म्हाताऱ्यांनी तंबूमागे बसून जेवायचं, आणि नातीच्या पंगतीला नुसतं बघत राहायचं. त्यापेक्षा मी घरीच बरी. तुम्ही आनंदानं जा.”

तिच्या शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. मी तिच्या व्रताची सोय केली होती. तिच्या व्रताला घरात स्थान मात्र ठेवले नव्हते. जे आचरण आमच्या घराचे होते, ते माझ्या हातून एका ओळीत अपवाद होऊन बसले होते.

त्या रात्री मला भगवान नेमिनाथांची कथा आठवली. आपल्यापैकी प्रत्येकाने ती लहानपणी ऐकलेली असते. राजीमतीशी विवाह करण्यासाठी वरात निघाली आहे. वाटेत कुंपणात कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश कानी पडतो. हे कशासाठी, असे विचारता सारथी सांगतो, आपल्याच लग्नाच्या पाहुण्यांच्या भोजनासाठी. नेमिकुमार तेथूनच मागे फिरतात आणि गिरनारची वाट धरतात. आपण या कथेकडे वैराग्याची कथा म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. परंतु त्या रात्री मला तिच्यात दुसरेही काही दिसले. ती पाहुण्यांच्या व्यवस्थेचीही कथा आहे. आपल्या आनंदाचा भार कोणाच्या जिवावर पडतो, एवढाच प्रश्न त्या वराने विचारला. आमच्याकडे कुंपणात कोंडलेले हरीण नव्हते. पण रानाच्या तोंडाशी लावलेल्या दिव्यांवर झेपावणारे असंख्य जीव होते, शेकोटीच्या लाकडांतील किडामुंगी होती, रात्री उघड्यावर पडलेल्या उष्ट्याच्या वासाने वस्तीकडे ओढले जाणारे रानडुक्कर होते. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम आपल्या पूर्वजांनी घातला तो मुख्यतः अशाच सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी. शहरातील झगमगत्या कार्यालयात त्याचे कारण विसरायला होते. रानात ते समोर उभे राहते.

दुसऱ्या दिवशी मुलीला सारे सांगितले. तिचे डोळे भरून आले. “आजीनं मला का नाही सांगितलं?” एवढेच ती म्हणाली, आणि सासरी फोन तिनेच लावला. व्याही पुण्याचे, व्यवहारी गृहस्थ. प्रथम ते नाराज झाले. गोरज मुहूर्त त्यांच्या घरची रीत होती, आणि रात्री जेवण नाही म्हटले तर आपले पाहुणे काय म्हणतील, ही चिंता होती. ती खोटी नव्हती. दोन दिवस काहीच कळविले नाही. तिसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला : त्यांच्या सासूबाईही याच कारणाने यावयास तयार नव्हत्या, आणि तिकडे हे कोणी विचारलेच नव्हते.

मुहूर्त सकाळी ११ वाजून ४० मिनिटांचा धरला. चार पानांचे सूचनापत्र एका पानाचे झाले. त्यातली पहिली ओळ अशी लिहिली : ‘शनिवारी सूर्यास्त सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास आहे, सायंभोजन सर्वांचे एकत्र, पावणेपाच वाजता.’ स्वयंपाकात कांदा, लसूण, बटाटा काही नाही, हे वेगळे लिहावे लागले नाही. सर्वांचा एकच स्वयंपाक होता. शेकोटी आणि ध्वनिक्षेपक रद्द केले. दिवे केवळ वाटेपुरते, तेही जमिनीलगत आणि झाकलेले.

पाण्याचे काम मी माझ्याकडे ठेवले. विहिरीचे पाणी दुहेरी जाड छन्न्याने गाळावयाचे, छन्न्यातील जिवाणी त्याच विहिरीत अलगद सोडावयाची, आणि गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे, म्हणून पिण्याचे पाणी उकळून ठेवावयाचे. बाटलीबंद पाणी आणले असते तर सोपे झाले असते. पण १४० माणसांच्या दोन दिवसांच्या रिकाम्या बाटल्या त्या शेतात मोजण्याची माझी इच्छा नव्हती. विहिरीवर काम करणारा गावातील तरुण हे सारे कुतूहलाने पाहत होता. जिवाणी सोडताना तो म्हणाला, “म्हंजे ज्याचं घर, त्याला माघारी.” अहिंसेची इतकी सोपी व्याख्या मी प्रवचनातही क्वचित ऐकली आहे.

सर्व काही गोड झाले असे मी म्हणणार नाही. काही स्नेही रात्रीचे जेवण नाही म्हणून आले नाहीत. वराचे दोन-तीन मित्र रात्री आठला गाडी काढून माहूर गावात जेवून आले. त्यांना कोणी बोलले नाही, आणि बोलावयासही नको होते. नियम आपला असतो. पाहुणा त्याने बांधलेला नसतो.

पण पावणेपाचला उतरत्या उन्हात जी पंगत बसली, ती मी विसरणार नाही. आई आणि विहीणबाईंच्या सासूबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि नवी नवरी दोघींना पुरणपोळीवर तूप वाढत होती. सूर्य सागाच्या शेंड्यांना टेकला तेव्हा आईने पाण्याचा शेवटचा घोट घेतला, हात जोडले. तिच्यासोबत आणखी वीस-पंचवीस जणांनी हात जोडले, त्यांत काही तरुणही होते. नंतर अंधार पडला, शाली पांघरून सारे बाहेर बसले, आणि आकाशात जेवढे तारे दिसले तेवढे आमच्या नांदेडच्या मुलांनी कधी पाहिले नव्हते.

आपल्या घरी कार्य निघाले की पाहुण्यांसाठी सूचना लिहिण्याची वेळ कोणावरही येईल. तेव्हा माझी एवढीच विनंती आहे : ‘स्वतंत्र व्यवस्था’ हे शब्द लिहिण्यापूर्वी घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला ते एकदा वाचून दाखवावेत.