मोडीतून वाचलेलं

दीपनगर, ११ जानेवारी
सोलापूरहून साडूभाऊंचा फोन. "संक्रांतीला या, विजापूर करून येऊ." तयारी म्हणून वाचायला बसलो आणि पोचलो थेट इस्तंबूलला. तिथलं तुर्की-इस्लामी कलांचं संग्रहालय १९१४ साली सुलेमानिये मशिदीच्या अन्नछत्रात उघडलं. १९८३पासून ते इब्राहिम पाशाच्या वाड्यात आहे. हा पाशा सुलतान सुलेमानचा वजीर. १५३६ साली सुलतानानेच त्याचा गळा आवळवला. पुढे वाड्यात फौज राहिली, तुरुंगही झाला. आता जुने गालिचे राहतात.

विजापूर, १४ जानेवारी
गोलघुमटासमोरच्या नगारखान्यात १८९२पासून संग्रहालय आहे. फारसी-अरबी शिलालेख, चिनी मातीची भांडी, हत्यारं, गालिचे, लघुचित्रं. घुमटात प्रतिध्वनी ऐकायला पोरांचा कल्ला, इकडे मोजकी माणसं. आदिलशाहीचा मूळपुरुष युसुफ. जुना तवारीखकार फिरिश्ता त्याला तुर्कांच्या उस्मानी सुलतानाचा मुलगा ठरवतो. इतिहासकारांना ते पटत नाही.
इंग्रजांनी इथल्या एका मशिदीत डाकबंगला थाटला होता, दुसरीत पोस्ट. लॉर्ड कर्झनने दोन्ही हलवायला लावली. म्हणजे जुन्या इमारतीला नवं काम द्यावं, पण तिला शोभेल असं.

विजापूर, १५ जानेवारी
मुलूख-ए-मैदान तोफ. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा जबडा, त्यात चिरडला जाणारा हत्ती. आयुष्य टर्बाइनच्या दुरुस्तीत गेलं, त्यामुळे नजर आधी ओतकामाकडे गेली. मिश्रधातूचं एवढं धूड, तरी सिंहाचे दात नि दात सुटे. ओतणाऱ्याचं नाव तोफेवरच कोरलंय: मुहंमद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. काम मात्र आपल्या अहमदनगरचं, १५४९चं. नगरहून परांडा, परांड्याहून विजापूर. दहा हत्ती आणि चारशे बैल जुंपले होते म्हणतात.
१८५४ साली ही तोफ लिलावात १५० रुपयांना गेली होती. वरच्या साहेबाने व्यवहार रद्द केला म्हणून आज दिसते. साडूभाऊ म्हणाले, "भंगाराच्या भावानेसुद्धा स्वस्तच की हो!" मला आमच्या दीपनगर वीजकेंद्राचा मोडीत निघालेला १९६८चा पहिला संच आठवला. लिलावाच्या यादीत सगळ्याचं वजन लिहितात, कारागिराचं नाव लिहायला रकानाच नसतो.

दीपनगर, १८ जानेवारी
शिरपूरचा भाचा रविवारी थाळनेरला नेतो म्हणालाय. खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कबरी तिथे तापीकाठी आहेत. त्यांचा मूळपुरुष मलिक राजा १३९९ साली वारला, त्याची कबरही तिथलीच. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. त्यांची गोष्ट सांगणारं एक नेटकं दालन आपल्याकडे व्हायला हवं. जागेला काय तोटा? खानदेशात पडक्या गढ्या रगड. पण आधी गळतं छत, मग राखणदाराचा पगार, आणि मग काचेची कपाटं. उद्घाटनाची फीत कापायला मात्र सगळे आधीच हजर असतात.